चौथा स्क्रू

आमचा दादा सुतार आहे. अख्ख्या गल्लीची दारं त्याच्या हातची, पण त्याच्या स्वतःच्या कारखान्याच्या दाराची कडी मात्र गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्याची लेक ठकी तीन वर्षांची असताना तिचा हात कडीला पोचेना म्हणून ती रडली, आणि दादासाहेबांनी लगेच कडी खाली आणली. चाराऐवजी तीनच स्क्रू मारले. "पोरगी मोठी झाली की वर न्यायचीच आहे," म्हणाला. ठकी आता नोकरी करते आणि आम्ही अजून त्या दारापुढे कमरेत वाकतो.

नोकरी म्हणजे, एका ॲनिमे सिनेमासाठी तिने दोन वर्षं मागची चित्रं काढली. नायिका नव्हे, नायिकेच्या मागची घरं, जिने, भिंती. दादाच्या लेखी हे काम नव्हतंच. "कार्टून काढून झालं की लागेल कामाला," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, तेही तिच्यादेखत. ती हसायची. मला ते हसणं बघवत नसे.

सिनेमा लागला तेव्हा ती आम्हा दोघांना घेऊन गेली. थिएटरच्या दारातच माझ्या कानाला लागली.

"आत्या, यात एक चित्र बाबांसाठी आहे. कुठलं ते विचारू नकोस. फक्त त्यांना झोपू देऊ नकोस."

किती सोपं काम! दादा स्वतःच्या लग्नात पेंगलेला माणूस.

सिनेमा फारच देखणा होता, म्हणजे डोळे चोळावे लागतील इतका. बेकरीत काम करणारी एक मुलगी डोळ्यांवर यंत्र चढवून आभासी जगात शिरते आणि निळे केस मोकळे सोडून गायला लागते. आनंद झाला की गाणं, पाय घसरला की गाणं, शत्रू समोर आला की त्याला घेऊन गाणं. काचेचे जिने हवेत तरंगत होते, आभाळात पियानो उडत होते.

"एवढाले डोळे, आणि समोरची पायरी दिसली नाही?" दादा म्हणाला.

"गप बघ."

थोड्याच वेळात त्याची मान कलली. मी चिमटा काढला. पुन्हा कलली, पुन्हा काढला. माझी बोटं दुखायला लागली. ठकी पडद्याकडे बघतच नव्हती, बापाकडे बघत होती.

मग त्या सगळ्या झगमगाटातून पळत नायिका एका बोळात शिरली. समोर साधं लाकडी दार. गाणं थांबलं. एवढी ताडमाड पोरगी, पण वाकली. कडी गुडघ्यापाशी होती.

मी चिमट्यासाठी हात उचलला, तर दादा टक्क जागा.

"तीनच स्क्रू!" तो थिएटरभर ऐकू जाईल असा बोलला. मागून कोणीतरी शुक् केलं.

"तुम्हीच तीन मारलेत, बाबा," ठकी हळूच म्हणाली.

दार उघडलं आणि पियानो पुन्हा उडायला लागले. दादाने बाहीने नाक पुसलं. मलाही रडू आलं, आणि ते पियानोंसाठी नक्कीच नव्हतं.

बाहेर आल्यावर ठकीने विचारलं, "कसं वाटलं?"

दादाने खिशातली पेन्सिल काढून कानामागे खोचली.

"घरी गेलो की चौथा मारतो," तो म्हणाला.

म्हणजे आता आम्ही जन्मभर वाकायचं.