उलटला

बंदूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याशिवाय ते कुणी सांगत नाही. लायसन माझ्या नावावर, बसलिंगप्पा शंकरप्पा असं पूर्ण नाव, खाली सरकारी शिक्का. निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतर गावोगावची हत्यारं जमा झाली. मग दरोडे वाढले, तेव्हा मंठाळच्या आसपासच्या मोजक्या लोकांना लायसन मिळालं. आमच्या गावात मी एकटा. मी कल्याणीच्या शाळेत उर्दू शिकलेला, त्यामुळे अर्ज मीच लिहिला आणि खेटे घालून मंजूरही मीच करून आणला. दर सोमवारी लिंगपूजा आटोपली की मी बंदुकीला तेल द्यायचो. वर्षभरात तिनं दोन रानडुकरं पळवून लावली होती. मारलं एकही नव्हतं, पण बार मोठा व्हायचा.

आज पंचक्रोशीत कुणालाही विचारा, ती अंकुशरावची बंदूक.

अंकुशराव माझा बांधशेजारी. उंच, कमी बोलणारा, आणि कुठंही गेला की लोक सरकून त्याला जागा करून देणार. मलाही देतात, पण मी जाड आहे म्हणून. लहानपणापासून हे असंच. विहिरीत उडी मी मारली तरी लोकांनी काठावर विचारायचं, अंकुश कुठाय?

एक्कावन सालच्या माघात खळ्यावर ज्वारीची रास पडली होती. दिवस मावळायला अजून अवकाश होता. वाटेनं तीन माणसं आली. दोघांनी न विचारता पोती उचलायला घेतली आणि तिसरा कुऱ्हाड घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. बंदूक माझ्या हातात होती. दारू ठासलेली, छर्रे भरलेले, फक्त घोडा ओढायचा राहिला होता. माझे हात असे कापायला लागले की नळी कधी आभाळाकडं, कधी राशीकडं. तेवढ्यात शेजारच्या खळ्यावरून अंकुशराव धावत आला. लेकराच्या हातातून विळी काढून घ्यावी तशी त्यानं माझ्या हातातून बंदूक काढून घेतली आणि म्हणाला, "माघारी हो."

तो माणूस दोन पावलं मागं सरला. मला वाटलं, चालला. मग तो उलटला. कुऱ्हाड उगारून थेट माझ्या डोक्यावर आला. बार झाला, छर्रे त्याच्या डाव्या कुशीत शिरले आणि तो माझ्या पायाशी पडला तो उठलाच नाही. बाकीचे दोघं पोती टाकून पळाले.

आमच्याकडं उलटला म्हणजे अंगावर आला. बैल उलटतो, साप उलटतो, घरचं खाल्लेला माणूसही उलटतो. हा शब्द ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून गावात एकच गोष्ट सुरू झाली. मठात, पारावर, न्हाव्यापुढं, जिथं बघावं तिथं अंकुशराव. गोष्टीत मीही असायचो, पण थरथर कापण्यापुरता. चंद्रभागाबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती तर माझ्या हातांची नक्कल करून दाखवायची आणि बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. घरी लिंगम्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पुरणाच्या होळग्या केल्या. पहिली नैवेद्याला, मग ताट भरून अंकुशरावच्या घरी, उरलेल्या मला. "त्यांनी बंदूक घेतली म्हणून माझं कुंकू ऱ्हायलं," असं ती येईल त्याला सांगायची. खरंच होतं ते, आणि म्हणूनच मला सोसत नव्हतं. खोटं असतं तर मी भांडलो असतो.

पण मेलेल्या माणसालाही घर होतं. त्याच्या भावांनी फिर्याद दिली की तो मजुरी मागायला गेला होता आणि त्याला पाठीमागून मारलं. पोलिसांनी खुनाचा खटला भरला आणि अंकुशरावला नेलं.

आमचा वकील सोलापूरकडून नवा आलेला. मराठी फर्डी, इंग्रजी त्याहून फर्डी, उर्दूचा मात्र गंध नाही. त्यानं मला समोर बसवून समजावलं. "जखम कुशीत आहे. तो येत होता की जात होता, हे डॉक्टरला सांगता येत नाही. जवळून बघणारे तुम्ही एकटे. अंगावर येत होता असं असेल तर अंकुशराव सुटतात. माघारी वळला होता असं असेल तर तो खून. सगळा खटला तुमच्या एका वाक्यावर आहे."

मला बरं वाटलं. निदान वाक्य तरी माझं होतं.

साक्षीच्या दिवशी जिल्ह्याला कोर्टाबाहेर बैलगाड्यांची रांग लागली. अंकुशरावला बेड्या घालून आणलं तर लोकांनी वाट करून दिली. चंद्रभागाबाईनं त्याच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. लिंगम्माही आली होती. तिनं त्याला लांबूनच हात जोडले. मला म्हणाली, "नीट बोला."

कोर्टाचं कामकाज उर्दूत. जजसाहेब हैदराबादचे, मराठी त्यांना येत नव्हती. मी मराठीत बोलायचं, पेशकारानं, म्हणजे कोर्टाच्या कारकुनानं, उर्दूत लिहायचं आणि शेवटी वाचून दाखवायचं, अशी रीत. मी नीट बोललो. "अंकुशरावनं माघारी हो म्हणून सांगितलं. तो उलटला, मंग गोळी सुटली." अगदी असंच.

पेशकार लिहीत गेला. मग त्यानं जजसाहेबांना आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात वाचलं, "वो उलटे पाँव फिरा, तब गोली चली."

उलट्या पावली फिरला. म्हणजे माघारी वळला.

त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्या भाषेत उलटणं म्हणजे मागं फिरणं, त्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. मला फक्त म्हणायचं होतं, नाही साहेब, अंगावर आला. चार शब्द. वकील माझ्याकडं बघून समाधानानं मान हलवत होता, कारण त्यानं माझी मराठी ऐकली होती. मी लिंगम्माकडं बघितलं. साक्ष माझी चालली होती आणि माझी बायको आरोपीच्या पिंजऱ्याकडं बघत होती. दाराशी कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, अंकुशरावच्या बंदुकीचा खटला चाललाय म्हणून.

"सही है?" जजसाहेबांनी विचारलं.

"जी, सही है," मी म्हणालो. आणि खाली उर्दूत झोकदार सही केली, एकही नुक्ता, एकही टिंब न चुकवता.

सात वर्षांची सजा झाली अंकुशरावला.

गाव पेटून उठलं. रात्रंदिवस एकच बोलणं, की कोर्टात दम राहिला नाही. गुरुपादय्या, आमच्या मठाचे अय्या, कधी आवाज न चढवणारे, तेही म्हणाले, "राखनाऱ्याला जेल आन् लुटनाऱ्याला इन्साफ. आता कुनी कोर्टाची पायरी चढू नका." चावडीवर ठराव झाला. यापुढं चोरी झाली तरी फिर्याद द्यायची नाही, साक्षीला जायचं नाही. जनवाड्याच्या एका लायसनवाल्यानं म्हणे आपली बंदूक सरकारात नेऊन टाकली. वाचलो तर फासावर जायचं, त्यापेक्षा मेलेलं बरं, असं सांगून.

सगळ्यांत मोठ्यानं मी बोलायचो. कोर्ट विकलं गेलं, जज फितला, पेशकारानं कागद फिरवला. लोक ऐकायचे, कारण मी आतलं बघून आलेला. खोटं कशाला सांगू, ते चार महिने माझे बरे गेले. माझ्यासाठीही लोक सरकून जागा करायला लागले.

पण जळणारा माणूस काही ना काही निमित्त शोधतोच. अंकुशराव गुलबर्ग्याच्या जेलात बसून आणखी मोठा होत चालला. पेरणीला गावानं पाळ्या लावून त्याचं रान पेरून दिलं. आधी त्याचं, मग स्वतःचं. माझा सालगडीसुद्धा मला न विचारता तिफण घेऊन तिकडं गेला. मी बांधावर उभा राहून बघत होतो. माणूस तुरुंगात, आणि त्याच्या सऱ्या माझ्यापेक्षा सरळ.

तेव्हाच एका सकाळी त्याची बायको नागूबाई आमच्या सोप्यावर आली. पदराखालून तिनं निकालाची नक्कल काढली, उर्दूत लिहिलेली. "वकीलसायबानं धाडलंय, अण्णा. अपील करायचं म्हनत्यात. त्यांच्याजवळचा उर्दूवाला आजारी पडलाय. जानत्या मानसाकडून समदं वाचून घ्या, कुठं चुकलंय ते बगा म्हनले."

"कोर्टाच्या कागदात काय बघायचं," मी म्हणालो.

"मी बी त्येच म्हनले. पर जेलात भेटाया गेलते तवा हे म्हनले, कोर्टावर माजा इस्वास न्हाई, बसलिंगअण्णावर हाय. त्यो वाचंल, त्योच काय ते सांगंल."

लिंगम्मा पलीकडं ज्वारी पाखडत बसली होती. मी वाचायला लागलो. उर्दू मोठ्यानं वाचायचं, मग मराठीत सांगायचं. माझ्या साक्षीपाशी आलो तेव्हा मी उर्दू भरभर वाचून टाकलं आणि मराठीत म्हणालो, "हितं माझी साक्ष लिवलीय. जशी दिली तशी."

सुपाचा आवाज थांबला. मी एक गोष्ट विसरलो होतो. लिंगम्माला अक्षर येत नाही, पण दर महिन्याला कासारणीशी दोन दोन तास बांगड्यांवरून घासाघीस करते ती दखनीतच, म्हणजे इकडच्या बोलीतल्या उर्दूत.

"उलटे पाँव म्हंजे माघारी की," ती म्हणाली. "तुमी तर उलटला म्हनलाव. मी मागंच हुबी व्हते."

मी कागदावर पुढची ओळ शोधायला लागलो.

"लिवलेलं वाचून दाखिवलं न्हवतं का त्यांनी?"

"दाखिवलं."

"मंग?"

माझ्याआधी नागूबाईच बोलली. "अगं अक्का, त्यांनी वाचलं येक आसंल आन् मागून लिवलं येक आसंल. अण्णाला कामून इचारायलीस? कोर्टाचं काय खरं आसतंय?"

मला सुटल्यासारखं झालं. नागूबाईनं कागद घडी करून माझ्यापाशीच ठेवला आणि ती गेली. लिंगम्मा माझ्याकडं बघत राहिली. इतके महिने ती माझ्याकडं बघत नाही म्हणून मी जळत होतो. आता बघत होती तर मला खाली बघावं लागलं.

"तुमाला त्यांचं येवडं का सलत हुतं?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"समदं गाव त्याचं," मी म्हणालो. "बंदूक त्याची. तू बी त्याचीच भाटीण."

"मी तुमच्या जिवासाठी हात जोडले त्यांना," ती म्हणाली. मग उठली आणि पुन्हा पाखडायला बसली नाही.

संध्याकाळी मी चावडीवर गेलो. सगळे होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की पेशकारानं वाचून दाखवलं होतं, मला कळलं होतं, आणि मी हो म्हणालो. कोर्टानं काही फिरवलं नाही. मी फिरवलं.

मग गुरुपादय्या उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मन लई मोठं हाय बसलिंगप्पाचं. अंकुशरावसाठी कोर्टाचं पाप आपल्या अंगावर घ्यायलाय."

"तसं न्हाई अय्या, खरंच मी—"

"कोर्टानं याला बी दमात घेतलंय," मागून कुणी म्हणालं. "म्हन, मीच चुकलो म्हन, न्हाईतर आत घालतो."

"जीव वाचिवल्याची जान हाय मानसाला," चंद्रभागाबाई म्हणाली. तिनं माझ्यावरून हात ओवाळले आणि बोटं मोडली, अंकुशरावला मोडली होती तशीच. आणि सांगायला लाज वाटते, पण मला गोड वाटलं. आयुष्यभर जे हवं होतं ते त्या संध्याकाळी मला मिळालं. पुन्हा बोलायला माझं तोंड उघडेना.

घरी येऊन मी लिंगम्माला सांगितलं की गाव विश्वास ठेवत नाही, मी काय करू.

तिनं भाकरी वाढली. "कोर्टानं ठेवला हुता की," ती म्हणाली. "सात वर्सं दिली ती तुमच्या बोलावरच. तितंच जावा."

म्हणून मी वकिलाबरोबर जिल्ह्याला गेलो. त्यानं स्पष्ट सांगितलं, की हलफनामा, म्हणजे शपथेवरचा जबाब, दिला तर अपिलाला जोर येईल, कदाचित अंकुशराव सुटेलही, पण खोट्या साक्षीबद्दल मला आत बसावं लागेल. मी हिशेब केला. तो सुटून येईल, गाव त्याला वेशीपासून वाजतगाजत आणेल. मी आत जाईन, आणि माझं रान कुणी पाळी लावून पेरणार नाही. हे तेव्हाही मला सलत होतं. आजही सलतं.

पेशकार तोच. त्यानं मला ओळखलं आणि कोरा कागद पुढं ओढला. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. त्या शब्दापाशी आला तसा तो थांबला.

"उलटला," तो म्हणाला. "उलटला म्हणजे नक्की काय? आणि कोण?"

मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं. "अंगावर जाणं. आधी तो चोर, माझ्या अंगावर. मग मी, ज्यानं जीव वाचवला त्याच्याच अंगावर."

त्यानं टाक दौतीत बुडवला. "दोन्ही लिहू?"

"लिहा," मी म्हणालो. "आणि वाचून दाखवा."