साठ दातांचं चाक

बाबांच्या लॅपटॉपचा टचपॅड दुसऱ्यांदा बदलताना माझं डोकं फिरलं होतं. जुने लॅपटॉप दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि घरचंच गिऱ्हाईक समाधानी होईना!

बाबा घड्याळजी. भिंतीवरच्या जुन्या घड्याळांची चाकं आता कुणी बनवत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी डोळ्याचं भिंग बाजूला ठेवून ते स्क्रीनवर चाकांचे आराखडे काढायला लागले. शेजारचा लेथवाला ती पितळेत कापून देतो. लॅपटॉप अकरा वर्षांचा. कंपनीने अपडेट बंद केले आणि नवा घ्या म्हणून कळवलं. मी चिडून त्यावर लिनक्स ही फुकट प्रणाली टाकली, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं आराखडे काढायचं खुलं सॉफ्टवेअर टाकलं, आणि म्हातारं यंत्र पळायला लागलं. बाबा भेटेल त्याला सांगायचे, "हे लोक एकमेकांना न बघता एकमेकांसाठी काम करतात. चूक दाखवली तर आभार मानतात, बोल!"

मग एका घड्याळात चाक बसेचना. दात मोजले तर साठाऐवजी एकसष्ट. चाळीस वर्षं प्रत्येक चाक दोनदा मोजणाऱ्या माणसाने स्क्रीनवरचं मोजलंच नव्हतं. कॉम्प्युटर कशाला चुकेल, असं त्यांना वाटलं.

"बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं, एकाऐवजी दोन दात येतात," ते म्हणाले. मी टचपॅड बदलला. तेच. पुन्हा बदलला. पुन्हा तेच.

"बाबा, मी वापरते तेव्हा तर नीट चालतोय. नाचता येईना, अंगण वाकडं!"

ते हसले नाहीत. उजवा हात खिशात घालून डाव्याने लॅपटॉप मिटला. "राहू दे. लेथवाल्याला सांग, आता आराखडे यायचे नाहीत."

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते, ते खोटं नाही. दोष सॉफ्टवेअरचाच असेल का, हे बघायला दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी त्याच्या वेबसाइटवरचं तक्रारींचं पान धुंडाळलं. पहिल्या आणि दुसऱ्या टचपॅडच्या मधल्या आठवड्यातली एक तक्रार सापडली. मराठीत, खाली यंत्राने केलेलं मोडकंतोडकं इंग्रजी. नाव: घड्याळजी. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला बाबा चिठ्ठी बांधतात, अगदी तशीच.

"दोष: एका दाबात दोन दाब. केव्हापासून: सात महिने. किती वेळा: शंभरात दोन. दोन दाबांतलं अंतर: पाव सेकंदाच्या आत, टिकटिक मोजायच्या यंत्रावर तपासलं. कारण: यंत्रात दोष नाही. माझा हात थरथरतो. कृपया माझ्या मुलीला कळवू नये. ती बिचारी टचपॅड बदलते आहे."

त्यांना वाटलं होतं, हे कुणा एकाला लिहिलेलं खासगी पत्र आहे. ते पान साऱ्या जगाला दिसत होतं.

खाली उत्तरं होती. "इतकी नेमकी तक्रार दहा वर्षांत आली नाही." एका बाईने लिहिलं होतं, "माझाही हात थरथरतो. वाट पाहते आहे." आणि सगळ्यात शेवटी, त्याच सकाळचं: "पाव सेकंदातला दुसरा दाब सोडून द्यायची सोय नव्या आवृत्तीत घातली आहे. मुलीला सांगितलेलं नाही."

मी दुकानात बसून हसले आणि रडलेही. मग त्याखाली लिहिलं, "मुलीला कळलं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबा, अंगणच वाकडं होतं, माफ करा."

संध्याकाळी घरी जाऊन नवी आवृत्ती टाकली आणि ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं.

"हे सगळ्यांना दिसतं?"

"सगळ्या जगाला."

"अरे देवा," ते म्हणाले. मग उजवा हात खिशातून काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. थरथरत होता. लपवला नाही. त्याच हाताने त्यांनी चाक काढलं, बटण दाबत एकेक दात वाढवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"मोज."

मी बोट लावून मोजले. साठ.

"पुन्हा मोज," बाबा म्हणाले.