आठ ठिपके

तिने स्लाइडवर तेलाचा थेंब सोडला, भिंग अलगद खाली आणलं आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली. आठ. पुढच्या पेशीत आठ. त्यापुढच्या पेशीत सातच दिसले, पण एक ठिपका शेजारच्या गुणसूत्राखाली दडून बसला होता. म्हणजे आठच.

"काय म्हणतंय औषध?" मागून बाईंनी विचारलं. बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. तोंडाने तिखट, पण कुणाचं काम अडलं तर स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसणाऱ्या.

"बाकीच्या चौघांच्या पेशींत नऊ-दहापर्यंत गेलंय. याच्यात ढिम्म हलत नाही."

"औषध नीट मिसळलं नसशील."

"तीनदा केलं, बाई."

"मग चौथ्यांदा कर. संशोधन म्हणजे दुसरं काय असतं? तेच दळण पुन्हा दळायचं."

दळण रायबोसोमच्या जनुकांचं होतं. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारे असंख्य बारीक कारखाने असतात, ते रायबोसोम. ते उभारायला लागणारी जनुकं दहा गुणसूत्रांच्या टोकांवर पुंजक्या-पुंजक्यांनी बसलेली असतात. सगळे पुंजके एकदम कामाला लागतील तर शपथ. पेशी त्यांतल्या काहींना रासायनिक कुलूप घालून गप्प बसवते, त्यामुळे कचेरीत असतं तेच इथेही चालतं, खुर्च्या दहा आणि काम करणारे सात-आठ. चांदीचं द्रावण टाकलं की कामावर असलेले पुंजके काळे पडतात. गप्प बसलेले दिसतच नाहीत. तिचं औषध ती कुलपं काढणारं होतं आणि चार जणांच्या पेशींत ते काढतही होतं. हट्टाला पेटली होती ती रक्ताची पाचवी नळी.

पाचवी नळी तिच्या नवऱ्याची होती.

निरोगी रक्त लागलं की ज्याचा दंड हाताशी असेल त्याचं घ्यायचं, ही इथली जुनी रीत. नवरा पोहायला शिकवायचा, त्याला सगळे मास्तरच म्हणत, तीसुद्धा. एका संध्याकाळी तो तिला न्यायला आला आणि कुणी मागितलं नसताना अस्तनी वर सारून बसला. "घ्या, अस्सल माल आहे," म्हणाला. सही करून मोकळा झाला. तिला तेव्हा नवल वाटलं होतं. तिसरा गर्भ गेल्यावर डॉक्टरांनी दोघांचीही तपासणी करायला सांगितली होती. तिची झाली, त्यात काही निघालं नाही. त्याची मात्र आज स्पर्धा, उद्या खांदा दुखतोय, परवा तलावाची दुरुस्ती, अशी लांबतच गेली. एवढा पहिलवान गडी, पण सुईला घाबरतो, असं म्हणून तिने तो नाद सोडला होता.

घरात निकाल त्याच्या तपासणीवाचूनच लागला होता. सासूबाई कधी वावगं बोलल्या नाहीत. तिच्या हातातलं जड काही दिसलं की फक्त म्हणत, "राहू दे, तुला नाही झेपायचं." ऐकून ऐकून तिलाही ते पटलं होतं. गेल्या वर्षी तिनेच मास्तरला सांगून टाकलं, "आता पुन्हा नाही. माझ्या अंगात टिकतच नाही." मास्तरने मान हलवली होती. बाळासाठी ठेवलेल्या छोट्या खोलीत मग इस्त्रीचं टेबल आलं.

चौथ्या वेळेलाही आठच आले. आता ती चिडली. न जागणारे हे दोघे कुंभकर्ण आहेत तरी कोण, ते नावानिशी बघायचं तिने ठरवलं. त्याच पेशींची दुसरी स्लाइड घेतली आणि या वेळी चांदीऐवजी सगळ्या गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारा रंग चढवला. फोटो पडद्यावर घेऊन ती जोड्या लावू लागली. हे काम तिच्या आवडीचं. सोयरीक जमवणाऱ्या मावशीच्या उत्साहाने ती एकाला एक शोधत जायची.

तेराव्या क्रमांकाच्या गुणसूत्राला जोडीदार मिळेना. चौदाव्यालाही मिळेना. आणि एक भलतंच लांब गुणसूत्र एकटंच उरलं.

तिने दुसरी पेशी घेतली, तिसरी घेतली. तेरावं आणि चौदावं, दोन्ही टोकाशी एकमेकांना चिकटून एक झाली होती. चिकटताना टोकांवरचे पुंजके गळून गेले होते. ती ज्यांना गप्प समजत होती ते गप्प नव्हतेच, ते जागेवरच नव्हते. उरलेले आठ पहिल्यापासून राबत होते, मग औषध उठवणार तरी कुणाला? इतके दिवस ती नुसते काळे ठिपके मोजत आली होती, आणि आठ हा आकडा कुणाच्याही पेशीत शोभून दिसणारा.

असा माणूस घोड्यासारखा ठणठणीत असतो. मुलाला वाटा देताना मात्र त्याचा हिशेब चुकतो, आणि मग गर्भ टिकत नाही. काही वेळा बरोबरही येतो. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना ती हेच शिकवायची.

तिला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली, पण तो काही गेला नाही. मायक्रोस्कोपचा दिवा बंद करून ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"सापडलं का काही?" बाईंनी विचारलं.

"पाचवी नळी प्रयोगातून काढावी लागेल, बाई."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग नळीवरच्या क्रमांकाकडे. दंड कुणाचा होता ते त्यांनाही ठाऊक होतं. "घरी जा तू," त्या म्हणाल्या.

वाटेत ती वाक्यं जुळवत राहिली. कशी सुरुवात केली म्हणजे त्याला कमी लागेल? दोष म्हणायचं नाही. खोट तर नाहीच नाही. अशी माणसं हजारोंनी असतात, हे आधी सांगायचं. पुन्हा प्रयत्न करता येईल, हे शेवटी.

मास्तर जेवणाच्या टेबलाशी वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होता. आतल्या खोलीत सासूबाईंचा रेडिओ चालू होता. ती त्याच्यासमोर बसली.

"तुझ्या रक्ताबद्दल थोडं बोलायचंय."

मास्तरने हातातली घडी पुरी केली आणि ढिगावर ठेवली.

"तेरा आणि चौदा?" त्याने विचारलं.

तिने जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली.

"कधीपासून माहितीये तुला?"

"दुसऱ्या वेळेनंतर. एकटाच जाऊन तपासून आलो होतो."

"म्हणजे तिसऱ्याच्या आधी."

"हो."

"आणि मी 'आता पुन्हा नाही' म्हटलं, तेव्हा नुसती मान हलवलीस?"

"रोज ठरवायचो, आज सांगू. तोंडच उघडायचं नाही. मग तुमच्या प्रयोगशाळेत हात पुढे केला. वाटलं, तू बघशील. तुला आपोआप कळेल, म्हणजे मला सांगावं लागणार नाही." त्याने पुढचा टॉवेल उचलला आणि घडी न घालताच धरून ठेवला. "तू बघितलंच नाहीस इतके दिवस."

तिला संताप आला. रडूही आलं, पण ते तिने मागे ढकललं.

"आईंना?"

"नाही. कुणालाच नाही."

ती उठली आणि आतल्या दाराशी गेली.

"आई, जरा बाहेर येता?"

"अगं, आत्ता नको," मास्तर मागून म्हणाला.

रेडिओ बंद झाला. सासूबाई चष्मा पुसत बाहेर आल्या, दोघांचे चेहरे पाहिले आणि सवयीने सुनेकडेच वळल्या.

"काय झालं गं तुला?"

तिने एक खुर्ची ओढून त्यांना बसायला दिली. मग आपल्या जागी परत येऊन मास्तरच्या हातातला टॉवेल काढून घेतला, त्याची घडी घातली आणि त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिली.