दारात उभं विमान

मित्रांनो, विमानं कितीही ऐटबाज असली तरी त्यांना नीट मागं सरता येत नाही. त्यांना ओढायला-ढकलायला लागतो मी, एक जुना, ठेंगणा ट्रॅक्टर.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा पिवळा रंग नुसता झळकत होता. शहराच्या मधोमध असलेल्या या चिमुकल्या विमानतळावर तेव्हा दिवसाकाठी एखाददुसरं विमान उतरे. "गडी कामाचा आहे," असं सगळे म्हणत. आता श्रीमंतांची खासगी विमानं एकामागून एक येतात. कुणी जेवायला येतं, कुणी केस कापायला! जागा मात्र तेवढीच. एकाला काढायचं तर तिघांना हलवा. दिवसभर हेच! विमानं रोज धुतली-पुसली जातात, पण माझं तेल बघायला कुणाला सवड नसते.

परवा तर कहर झाला. एका वैमानिकाने आपल्या मालकाचं पांढरंशुभ्र विमान हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, दारातच उभं केलं, ब्रेक लावला आणि खुशाल बाकावर जाऊन बसला. आत रुग्णांना नेणारं विमान अडकलं. एका तान्ह्या बाळाला दूरच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं. भोवती घरं असल्यामुळे आमची धावपट्टी दिवेलागणीला बंद होते, आणि उन्हं तर कलली होती. बाळाला ठेवलेल्या काचेच्या पेटीवर हात ठेवून त्याची आई उभी होती.

मला चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्या वैमानिकाकडे धावल्या. "दादा, ब्रेक सोडा. मी विमान बाजूला घेते."

"सावलीतून हलवायचं नाही, असं साहेबांनी बजावलंय. त्यांचा फोन लागू दे."

"तोवर दिवस बुडेल! मग त्या आईला तुम्हीच सांगा."

वैमानिकाने आईकडे पाहिलं. तो विमानात चढला आणि त्याने ब्रेक सोडला. आता मी सुरू होईना! ताईंनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. "चल रे बाबा, आज नको रुसू." मी खोकलो, धूर ओकला आणि ते धूड खेचून काढलं. बाळाचं विमान उजेडातच उडालं.

थोड्या वेळाने मालक आले. "माझ्या सीटा तापल्या! कुणी हलवलं?"

आमचे व्यवस्थापक घाबरून म्हणाले, "ताई, माफी मागा."

"मागते. आधी बाळ पोचल्याचा फोन येऊ दे."

बाळ सुखरूप पोचल्याचा फोन आला, तेव्हा ताई माझ्या चाकाशी बसून ढसाढसा रडल्या. माफी मागायची राहूनच गेली.

मित्रांनो, सायकल लावताना मागे कुणाला निघायचं आहे का, तेवढं तरी बघत जा. वळून बघायला काही इंधन लागत नाही!