एकोणीस पोरांची शाळा

“तुझं गाव कोणतं गं?” शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांनी पुढच्या रांगेतल्या मुलीला विचारलं.

“माळवाडी.”

“मग रोज इतकं लांब चालत येतेस?”

“न्हाई जी. आज गाडीत घालून आनलं. पेढा देनार हायेत.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. दाराशी उभे असलेले भिमाजी पाटील मोठ्यानं खाकरले. पाटील स्कूल बोर्डाचे सभासद. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आल्यापासून ‘आमच्या बोरखडीत एक पोर घरी न्हाई’ असं ते सभासभांतून सांगत. तपासणीला दिपोटी येणार म्हटल्यावर त्यांनी सकाळीच शेजारच्या वाडीला दोन बैलगाड्या पाठवल्या होत्या. “तुमी फकस्त गप ऱ्हायचं, बाई,” एवढंच ते शाळेच्या शिक्षिका हन्नाबाईंना म्हणाले होते.

आणि हन्नाबाई गप्प राहिल्याही होत्या. नगरच्या मिशनमध्ये शिकलेली, मागंपुढं कुणी नसलेली विधवा बाई. पाटलाशी वाकडं घेऊन ती राहणार कुठं?

दिपोटी त्यांच्याकडे वळले. “बाई, यातली तुमची मुलं कोणती?”

हन्नाबाईंनी एकदा खोलीवरून नजर फिरवली. दोन वर्षं त्या गावात दारोदार हिंडल्या होत्या. पोरगी शेळ्यांमागं असेल तर स्वतः शेळ्या वळत उभ्या राहिल्या होत्या आणि बांधावर बसून तिनं पाटीवर अक्षर गिरवलं होतं. बनूची आई मनकर्णा तर पहिल्या खेपेला अंगावरच धावून आली होती. “पोरीच्या हातचं खुरपं काढताय, तिच्या वाटची भाकर तुमी घालनार का?” तीच बनू आता धडा वाचताना श्वास घ्यायला थांबत नव्हती.

बाई रांगांमधून चालू लागल्या. आपल्या मुलाजवळ आल्या की त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या, आणि पुढं जायच्या. बनूच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा ती मान वर करून हसली. शेवटच्या मुलाजवळ त्या थांबल्या.

“ही एकोणीस, साहेब. बाकीची पाहुणी आहेत.”

दिपोटी चहा न घेता निघून गेले.

“ह्यात तुमाला काय गावलं, बाई?” पाटलांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच बाईंना भीती वाटली.

चार दिवसांनी गोरक्षअण्णा नारळ घेऊन त्यांच्या खोलीवर आले. पाटलांच्या पक्षात दोन तट पडले होते, आणि त्यांच्या विरुद्ध तटाचे तालुक्यातले पुढारी म्हणजे अण्णा. टोपी दोघांचीही पांढरीच.

“लई मोठं काम केलंत, बाई! आता सभेत येऊन दोन शब्द बोला. लोकांनी जाब इचारायला पायजे ह्या लोकांना.”

“मी कुणाचं काम केलं नाही, अण्णा. खरंच काही करायचं असेल तर शाळेला आणखी एक मास्तर द्या. म्हणजे राहिलेली मुलंही आणता येतील.”

“आमची मानसं निवडून येऊ द्या. एक काय, दोन देतो!”

बाई सभेला गेल्या नाहीत. पण त्या न जाताही अण्णांनी त्यांचं नाव बाजारा-बाजारात गाजवलं. ‘भाड्याच्या पोरांची शाळा’ हे शब्द तालुकाभर झाले. लोक पोट धरून हसले आणि बोर्डाच्या निवडणुकीत अण्णांचा तट निवडून आला.

नव्या बोर्डाच्या पहिल्याच बैठकीत बोरखडीची बोगस शाळा बंद करण्याचा ठराव झाला.

बाईंना ते खरंच वाटेना. त्या सर्व्हिस मोटारीनं नगरला गेल्या, बोर्डाच्या कचेरीत दुपारपर्यंत बाकावर बसून राहिल्या. आत बोलावलं तेव्हा अण्णा चहा पीत होते आणि शेजारच्या खुर्चीवर भिमाजी पाटील. पाटील बशी फुंकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“अण्णा, शाळा बोगस नव्हती. एकोणीस मुलं होती. आहेत.”

“बाई, पोरं न्हाईत असं तुमीच तर सांगितलंत.”

“बाकीची नव्हती म्हणाले. ही होती.”

“एकोणीस पोरांसाठी बोर्डानं पगार द्यायचा? आमाला बी लोकांना जाब द्यावा लागतो.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “तुमची नोकरी न्हाई घालवली. राजूरच्या पल्याड डोंगरात एक जागा हाय. तिकडं जावा.”

बाई उठल्या. त्यांच्या मनात बरंच काही होतं, पण ते सांगायचं कुणाला, हेच त्यांना कळेनासं झालं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या मनकर्णेच्या रानात गेल्या. बनू आईच्या मागं बाजरी खुरपत होती. बाईंना पाहून ती उठली नाही.

“हिला माळवाडीच्या शाळेत घाला, मनकर्णाबाई. लांब आहे, पण पोरगी हुशार आहे.”

“वढा वलांडून एकल्या पोरीला कोन धाडील?” मनकर्णेनं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाली, “बाई, राग मानू नका. त्या दिशी तुमी खोटं बोलला असता, तर माजी पोर शिकली असती.”

  परतताना बांधावरून बाईंचा पाय घसरला तेव्हा बनू मागून धावत आली, हात धरून तिनं त्यांना पलीकडं उतरवलं आणि न बोलता परत गेली.

सकाळी गाडी जुंपली. एक ट्रंक, एक वळकटी, आणि फडक्यात गुंडाळलेलं बायबल. निरोपाला चावडीपाशी कुणी आलं नव्हतं. गाव कामाला लागलं होतं.

शिवेजवळ मनकर्णा वाटेत उभी दिसली. गाडीवानानं कासरा ओढला. तिनं बाईंच्या मांडीवर एक गाठोडं ठेवलं, पदर तोंडाशी धरला आणि आल्या पावली वळली. थोड्या अंतरावर बनू दोघींची खुरपी घेऊन थांबली होती. मायलेकी पाठोपाठ रानात उतरल्या.

गाठोड्यात भाकरी होत्या. फडक्यातूनही त्यांचा चटका मांडीला लागत होता. बाईंनी गाठोडं बाजूला ठेवलं नाही. गाडी चालू लागली, आणि भाकरी पार निवेपर्यंत त्या तशाच दोन्ही हातांनी ते धरून बसल्या होत्या.