गावाचा भोंगा बंद पडला

दुधाची गाडी रिकामी निघून गेली आणि अख्खं गाव लोहाराच्या दारात भांडायला आलं.

लोहाराला सगळे भोंगाच म्हणत. पहाटे उठून तो बिडी पेटवायचा आणि असा काही खोकायचा, की गोठ्यातल्या गाई धडपडून उभ्या राहायच्या. त्या खोकल्यावर लोक उठायचे, धारा काढायचे. पण डॉक्टरीणबाईंनी लोहारणीला त्याच्या छातीचा फोटो दाखवून बजावलं होतं, "फुप्फुसं खराब होत आलीत. धूर थांबला नाही तर कॅन्सर नाहीतर हृदयविकार, जो आधी पोचेल तो नेईल."

लोहारणीनं घरी येऊन सगळ्या बिड्या चुलीत घातल्या. भोंगा चिडला, रुसला, काही दिवस जास्तच खोकला, आणि मग हळूहळू गप्प झाला.

"वहिनी, आमचं दूध वाया गेलं, त्याचं काय?" शेजारी ओरडला.

"गजर लावा की."

"गजर बंद करून परत झोपता येतं," सरपंच म्हणाले. "ह्याचा खोकला कसा बंद करणार?" आणि त्यांनी मोठ्या मानानं बिडीचं बंडल पुढं केलं. "बाबा रे, पहाटे एकच ओढ. गावासाठी."

भोंग्याचा हात पुढं गेलाच.  लोहारणीनं झडप घालून बंडल हिसकावलं.

"गावासाठी ना? मग पाळ्या लावा. रोज एकानं छाती जाळायची. सरपंच, पहिली तुमची."

"मला दमा आहे," सरपंच मागं सरकले.

"माझी पोरं लहान आहेत," शेजारी पुटपुटला.

"आणि आमची मोठी झाली, म्हणून ह्यांनी मरायचं?"

 गर्दी पांगली.

दुसऱ्या दिवशी पहाटे लोहारीण स्वतःच अंगणात उभी राहून खोकली. तिला तो खोकला तोंडपाठ होता. गाई उठल्या, गाव उठलं. "पहिल्यासारखी मजा नाही," सरपंच कुरकुरत बादली शोधायला लागले.

ती आत आली. भोंगा झोपला होता, आणि घर अगदी शांत होतं. तिनं त्याच्या नाकापुढं हात धरला.

"आहे मी अजून," तो डोळे मिटूनच म्हणाला.

"मग जरा घोरा तरी," ती म्हणाली, आणि कधी नव्हे ते परत आडवी झाली.