दुसऱ्याच्या नळीवर

लवूकाकांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि बुडालेल्यांच्या यादीत स्वतःचं नाव वाचलं. पुन्हा एकदा वाचलं, या वेळी खाली बोट धरून. मग कागद मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी मेलंय?"

"कागदावर तसंच आहे, काका," चंद्रप्रकाश म्हणाला.

"कधी?"

"बेचाळीसच्या ऑगस्टात."

"आणि माका आता सांगतंस? जल्मभर गिरणीत फुकट घाम गाळलंय मग."

चंद्रप्रकाश हसला, पण पेनाचं टोपण काढूनच बसून राहिला. घाटकोपरच्या त्या खोलीत पडद्यापलीकडे वनमालाकाकी बांगडे साफ करत होत्या. विळीचा आवाज एका लयीत येत होता. लवूकाका त्यांचे धाकटे दीर. काकींचा नवरा दशरथ हा काकांचा थोरला भाऊ, आणि चंद्रप्रकाश त्याच्याचसाठी आला होता.

महायुद्धात बोटींबरोबर बुडालेल्या खलाशांच्या नावांची शिळा गावच्या बंदरावर बसवायची, असं गावच्या मुंबई मंडळाने ठरवलं होतं. यादीचं काम चंद्रप्रकाशवर आलं, कारण तो वर्तमानपत्रात बातमीदार होता आणि कांदिवलीला त्याच्या घरी टाइपरायटर होता. पहिल्याच सभेत ज्याने त्याने आपापला एक बुडालेला काका सांगितला. त्यातले एक काका दारू पिऊन विहिरीत पडले होते, असं नंतर त्यांच्याच सुनेने कबूल केलं. तेव्हा चंद्रप्रकाशने नियम केला: कागद असेल तरच नाव. मंडळातला राजाराम भर सभेत त्याच्या अंगावर धावून आला, स्वतःच्या काकांचा कागद नव्हता म्हणून. नियम बदलला नाही.

तेव्हापासून दर बुधवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, चंद्रप्रकाश मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात जाऊन बसत होता. बंद पडलेल्या एका बोट एजन्सीची जुनी दप्तरं तिथे पडून होती. पावसाळ्यानंतर ती सरकारी दफ्तरखान्यात जायची होती. प्रत्येक सफरीचं एकेक करारपत्रक, त्यात एकेका खलाशाची ओळ: नाव, बापाचं नाव, गाव, काम. बेचाळीसच्या ऑगस्टात बुडालेल्या 'आर्डवेल' नावाच्या मालवाहू बोटीचं शेवटच्या सफरीचं पत्रक त्याला गेल्या आठवड्यात सापडलं. दशरथ त्याच बोटीवर होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पत्रकात दशरथ नव्हता. लवू होता.

आणि शुक्रवारी यादी कोरणाऱ्याच्या हातात पडायला हवी होती. शिमग्याला जाणाऱ्या मंडळींबरोबर शिळा गावी पोचायची होती.

"कारकुनाने एका भावाच्या जागी दुसऱ्या भावाचं नाव लिहिलं असेल का?" चंद्रप्रकाशने विचारलं.

पडद्यापलीकडची विळी थांबली. काकांनी एकदा पडद्याकडे पाहिलं.

"तू पेपरवालो. छापशीत."

"नाही छापणार."

"आवशीची शपथ घे."

"काका, आई गावात आहे, तिला कशाला मध्ये आणता? नाही छापणार म्हणालो ना."

काकांनी पाय वर घेतले आणि सांगायला सुरुवात केली. खलाशाचा दाखला पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवायचे, म्हणून त्या दाखल्यालाच नळी म्हणायचे. प्रत्येक सफर संपली की कप्तान त्यावर शेरा मारायचा. शेरा चांगला नसेल तर पुढच्या बोटीवर कोणी घेत नसे. दशरथने मागच्या सफरीत तांदळातल्या किड्यांवरून भांडण काढलं होतं, आणि कप्तानाने त्याच्या नळीवर काळं केलं होतं. लवूची नळी स्वच्छ होती, पण लवू तेव्हा तापाने अंथरुणात होता.

"भिंतीक खिळ्याक अडकवलली नळी. तेणा काढल्यान आणि गेलो. आमची तोंडां एकाच साच्यातली. आणि सायबाक काय, सगळे खलाशी सारखेच. अरे, अर्धो गाव असोच जाय. धोंडिराम मेव्हण्याच्या नळयेर, मेव्हणो सासऱ्याच्या."

"म्हणजे बोटीवर दशरथकाकांना लवूच म्हणायचे?"

"नायतर काय म्हणतले?"

"आणि तुमची नळी?"

"बुडाली. तिच्यावांगडा मी पण बुडालंय. नवी मागूक गेलंय असतंय, तर सायबान विचारल्यान असता, तू जिवंत कसो? म्हणान गिरणीत शिरलंय."

"मी याआधी दोनदा येऊन गेलो. तेव्हा का नाही सांगितलंत?"

उत्तर पडदा सारून आलं. वनमालाकाकी ओले हात लुगड्यापासून लांब धरून दारात उभ्या होत्या.

"तू कागद हा काय, म्हणान विचारलंस. कागद नव्हतो. नाय म्हणान सांगितलंय."

"काकी, पण..."

"आणि दुसऱ्याच्या नळयेर जाणा म्हणजे गुन्हो. भावजींक पोलीस धरतले, म्हणान आम्ही गप."

"चाळीस वर्षांनी कोण धरतंय, काकी?"

"तां आमका काय ठावक?"

चंद्रप्रकाशने पेनाला टोपण लावलं. बातमी असती, तर त्याने ती अडवून ठेवली असती. एका बाजूला बायकोचा शब्द आणि भावाचा शब्द, दुसऱ्या बाजूला कागद. आज तोंडी शब्दावर नाव घेतलं, तर उद्या राजाराम कांदिवलीला दारात उभा राहील, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल. नाही घेतलं, तर दशरथ शिळेवर नसेल. आणि दगडावर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येत नाही.

"माझाच नाव कोर," काका म्हणाले. "कागद हा. गावाक गेलंय की बघीन, कसा दिसता तां. हार पण घालीन."

"गप ऱ्हवा, भावजी," काकी म्हणाल्या. त्या चंद्रप्रकाशसमोर उंबऱ्यावर बसल्या. "माझ्याकडे त्येंचा काय एक नाय रे. फोटू नाय. कपडो नाय, होतो तो भावजींनी घालून फाडल्यानी. त्या दगडार तरी..."

मनगटाला बांगड्याचं एक खवल चिकटलं होतं. त्या तेच सोडवत राहिल्या.

"त्या कागदार आणि काय हा?" त्यांनी विचारलं.

चंद्रप्रकाशने आपल्या वहीत उतरवून घेतलेली ओळ वाचली. "लवू धाकू कोयंडे. गाव आपलं. काम डेकवर. शेवटी डाव्या हाताचा अंगठा."

"कोणाचो अंगठो?"

"लवूकाकांचा," तो म्हणाला, आणि थांबला.

काकांनी डावा हात उचलून स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"ह्यो तर अंथरुणात होतो," ते म्हणाले.

काकी उठल्या. "हात धुवन येतंय. बांगडे मीठ लावन ठेवतंय. किती लांब हा तां मरोळ?"

मरोळ नाक्यावर बसमधून उतरून तिघे गाळ्यापाशी पोचले, तेव्हा दुपार कलली होती. शिवदास दाराशी वर्तमानपत्र अंथरून डबा खात होता. एजन्सी बंद झाली, माणसं गेली. दप्तरांची राखण करायला तो एकटा उरला होता.

"साहेब, आज पंच घेऊन आलात?"

"शाईचं पॅड आहे का, शिवदास?"

"आहे ना. शिक्का आहे, शाई आहे. माल तेवढा येत नाही." त्याने डब्याचं झाकण लावलं, पंख्याखाली काकींसाठी स्टूल ठेवलं आणि 'आर्डवेल'चा गठ्ठा कुठे ते न विचारता काढून टेबलावर ठेवला. बातमीदाराने तो गेल्या बुधवारी चार वेळा मागितला होता.

चंद्रप्रकाशने गठ्ठा तसाच ठेवला. आधी त्याने कोऱ्या कागदावर काकांचा डावा अंगठा उमटवून घेतला, खाली तारीख घातली, शिवदासला साक्षीदार म्हणून सही करायला लावली. मूळ पाहून मग नक्कल घेतली, असं उद्या कोणी म्हणायला नको. काका अंगठा हवेत धरून उभे राहिले.

"काय आहे?" चंद्रप्रकाशने भिंग त्यांच्या हातात दिलं.

"चक्र," काका लगेच म्हणाले. "तां बघूक भिंग कित्या होया? आवस म्हणायची, ह्या झिलाच्या अंगठ्यार चक्र हा, ह्यो बसान खातलो."

"बसून खाल्लंत?" शिवदासने विचारलं.

"उभ्यान. गिरणीत, साच्यासमोर."

मग चंद्रप्रकाशने पत्रक उघडलं. कागद कडेने तपकिरी पडला होता, पण ठसे जांभळे राहिले होते. एकाखाली एक, प्रत्येकासमोर इंग्रजीत नाव. लवू धाकू कोयंडे या नावासमोरच्या ठशावर त्याने भिंग धरलं, स्वतः पाहिलं, मग शिवदासला पाहायला लावलं, मग काकांना.

"शंख," काका म्हणाले. त्यांनी आपला अंगठा शेजारी नेला आणि शाई लागेल म्हणून पटकन मागे घेतला. "माझो नव्हे."

चंद्रप्रकाशने लिहिलं: पत्रकावरील ठसा लवू धाकू कोयंडे यांचा नाही. वाक्य खरं होतं, आणि ते सिद्ध करता येत होतं. राजारामसमोरही करता आलं असतं. पण ठसा कोणाचा नाही, एवढंच त्यातून कळत होतं. वाक्याखाली त्याने एक ओळ सोडली आणि मागे वळून पाहिलं.

काकी स्टुलावरून उठल्या नव्हत्या. एवढा वेळ त्या टेबलाकडे पाहतही नव्हत्या. पंख्याने हलणाऱ्या दप्तरांच्या चिठ्ठ्यांकडे पाहत होत्या.

"काकी, बघता?"

त्या आल्या. हात कोरडे होते, तरी त्यांनी ते पदराला पुसले. वाकून, भिंग न घेता त्यांनी पाहिलं. ठशाची एक कड फरफटली होती. शाई सुकायच्या आत कोणीतरी हात ओढून घेतला होता, तशी.

"घाई," काकी म्हणाल्या. "बघ कशी ती घाई. जेवताना पण तीच. पानार वाढीपर्यंत उठाचे."

त्यांनी ठशाला हात लावला नाही. त्याच्या शेजारी, कागदापासून थोडं वर, त्यांनी आपला तळवा बराच वेळ धरून ठेवला. शिवदास पंखा बंद करून आला, कागद उडतोय म्हणाला. कागद उडत नव्हता.

"काकी, लिहून ठेवावं लागेल," चंद्रप्रकाश हळू आवाजात म्हणाला. "कोणाचा ठसा म्हणून लिहू?"

काकांनी तोंड उघडलं. रेशनच्या रांगेत, मतदारयादीच्या माणसापुढे, आजवर हे नाव वहिनीच्या वतीने त्यांनीच सांगितलं होतं. काकींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"दशरथ," त्या म्हणाल्या. "दशरथ धाकू कोयंडे. लिव."

त्याने लिहिलं. काकींना वाचता येत नव्हतं, तरी तो लिहीत असताना त्या अक्षरांकडे पाहत होत्या. मग त्यांची नजर पुन्हा पत्रकावर गेली आणि एक ठसा खाली उतरली.

"आणि ह्यो कोणाचो?"

"दादू म्हणून नाव आहे. गाव आपलंच," चंद्रप्रकाश म्हणाला. "पण हा यादीत नाही घेतला. दादू युद्धानंतरही कितीतरी वर्षं जिवंत होता, म्हणून मी..."

त्याने वहीची मागची पानं उलटली. तिथे अशी आणखी नावं होती, कागदावर बुडालेली आणि गावात म्हातारी झालेली. प्रत्येकावर त्याने सरळ रेघ मारून समासात लिहिलं होतं: कारकुनाची चूक.

शिवदासने न सांगता दुसरं स्टूल आणून ठेवलं. काका त्यावर बसले, शाईचा अंगठा तसाच अधांतरी धरून.

"काका," चंद्रप्रकाशने विचारलं, "दादूच्या नळीवर कोण गेलं होतं?"

"खंडू. त्येची बायल आजून गावात हा. कोणी बंदरार उतारलो की इचारता, खयसून इलास."

"आणि याच्यावर?" त्याने पुढच्या ठशावर पेन नेलं.

"थांब रे. एकेक सांगतंय."

बाहेर गाळ्यांचे भोंगे झाले. बाकीचे गाळे बंद होऊ लागले होते. चंद्रप्रकाशने शुक्रवारची यादी खिशातून काढली, त्यात दशरथचं नाव घातलं आणि खाली कोरणाऱ्यासाठी लिहिलं: यापुढे अर्धी शिळा मोकळी ठेवावी.

"शिवदास, पुढच्या बुधवारी आहात ना?"

"मी कुठे जातोय, साहेब? परत तुम्ही तिघंच?"

चंद्रप्रकाशने काकींकडे पाहिलं. त्या मनातल्या मनात बायकांची नावं मोजत होत्या, बोटांच्या पेरांवर.

"नाही," तो म्हणाला. "स्टुलं जास्त लागतील."